बिटकॉइन चालवायला किती कोराडी लागतात?

नागपूरजवळच्या कोराडीच्या देवीला गेलेल्या प्रत्येकाने वीज केंद्राच्या त्या उंच चिमण्या पाहिल्या आहेत. तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, मिळून १,९८० मेगावॅट. हे तिन्ही संच वर्षभर एक मिनिटही न थांबता पूर्ण भारावर चालले, तर १,७३० कोटी युनिटांच्या आसपास वीज निघेल. आता दुसरा आकडा घ्या. बिटकॉइनला किती वीज लागते याचा हिशेब केंब्रिज विद्यापीठातलं एक संशोधन केंद्र कित्येक वर्षं ठेवतं आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी दिलेला वर्षाचा अंदाज होता १३८ टेरावॅट-तास, म्हणजे आपल्या मीटरच्या भाषेत १३,८०० कोटी युनिट. भागाकार केला की उत्तर येतं आठ. आठ कोराडी, रात्रंदिवस.

खरं तर आठातही भागत नाही. औष्णिक संच दुरुस्तीला थांबतात, पावसाळ्यात कोळसा ओला येतो, बॉयलरच्या नळ्या फुटतात. सत्तर टक्के भार धरला तर अकरा-बारा कोराडी होतात. पण जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेत हाच वाटा जेमतेम अर्धा टक्का आहे. म्हणून कोणी ‘बिटकॉइन पृथ्वी जाळणार’ म्हणालं की मी जरा सबुरीने घेतो. आणि कोणी ‘अर्धा टक्काच तर आहे’ म्हणालं की त्याला एकदा राखेच्या तलावाशेजारच्या एखाद्या गावात फिरवून आणावंसं वाटतं. अर्धा टक्का थोडा की फार, हे त्या विजेतून कोणाला काय मिळतं यावर ठरणार. त्यासाठी आधी ही वीज जाते कशात, ते पाहू.

वही कोणी लिहायची?

बिटकॉइन म्हणजे मुळात एक वही आहे. कोणी कोणाला किती दिले, एवढंच तिच्यात असतं. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वाड्यातली भिशी डोळ्यांपुढे आणा. दहाजणी पैसे टाकतात आणि वही एका काकूंकडे असते. काकूंवर सगळ्यांचा विश्वास आहे म्हणून ती भिशी चालते. समजा कोणाचाच कोणावर विश्वास नाही. मग प्रत्येकीने वहीची एकेक प्रत आपल्या घरी ठेवायची आणि नवीन नोंद झाली की सगळ्यांनी आपापल्या प्रतीत उतरवून घ्यायची. इथवर ठीक आहे. भांडण होतं ते दोन प्रतींत दोन वेगळ्या नोंदी निघाल्या की. वाड्यात हात वर करून मोजता येतं, कारण चेहरे ओळखीचे असतात. इंटरनेटवर एकच माणूस हजार खोटी नावं घेऊन हजार हात वर करू शकतो.

ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध केला आणि या अडचणीवर उपाय मांडला. जानेवारी २००९ मध्ये त्यावरच बिटकॉइन सुरू झालं. उपाय असा, की वहीचं पुढचं पान लिहायचा मान फुकट मिळणार नाही. तो मिळवायला वीज खर्चावी लागेल. नावं हजार घेता येतात, वीज मात्र खरीच जाळावी लागते. खोटी वही लिहायची तर बाकी साऱ्या जगाने मिळून जाळली त्याहून जास्त वीज एकट्याने जाळायची तयारी हवी.

वर्तमानपत्रांत ‘संगणक अवघड गणितं सोडवतात’ असं छापून येतं. त्यात गणित असं काही नाही. संगणक पानावरचा मजकूर घेतो, त्याला एक आकडा जोडतो आणि ठरलेल्या सूत्रातून काढतो. उत्तर म्हणून एक लांबलचक संख्या येते. ती ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आली तर पान तुमचं. नाही आली तर आकडा बदलून पुन्हा. यात हुशारी चालत नाही, नुसते प्रयत्न मोजले जातात. बाजारातलं एक नवीन यंत्र सेकंदाला २०० लाख कोटी प्रयत्न करतं. ज्याचा आकडा आधी लागतो तो पान लिहितो आणि बक्षीस म्हणून त्याला नवीन बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला ते पानामागे ५० होते. दर २ लाख १० हजार पानांनंतर बक्षीस निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत.

आता यातली मेख. पान साधारण दहा मिनिटांनी एकच निघालं पाहिजे असा नियम आहे. यंत्रं वाढली आणि पानं भराभर निघू लागली, तर दर २,०१६ पानांनी, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, ती मर्यादा आपोआप आणखी कडक होते. जगातली यंत्रं दसपट झाली तरी दिवसाला तेच ४५० बिटकॉइन निघणार आणि व्यवहारही तेवढेच बसणार. कमी विजेवर चालणारं यंत्र आलं म्हणजे वीज वाचेल, हाही भ्रम. लोक त्याच बिलात दुप्पट यंत्रं लावतात. कूलर सुधारला तर घराचं बिल खरंच कमी येतं. इथे तसं होत नाही, कारण ही सगळी शर्यत शेजाऱ्याच्या पुढे जाण्याची आहे.

भाव वाढला की वीज वाढते

मग विजेचा आकडा ठरतो कशावर? मुख्यतः भावावर. एका बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरू. दिवसाला ४५० नवीन, म्हणजे ३६० कोटी रुपयांचं बक्षीस रोज वाटलं जातं. ते मिळवायला जगभरची मंडळी ३६० कोटींच्या आतबाहेर खर्च करायला तयार असतात आणि त्यातला मोठा भाग विजेचा असतो. भाव दुप्पट झाला तर आज परवडत नसलेली यंत्रंही सुरू होतात. भाव पडला की बंद होतात.

म्हणूनच ‘बिटकॉइनच्या एका व्यवहाराला घराची कित्येक महिन्यांची वीज लागते’ हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य जरा जपून वाचावं. भागाकार चुकीचा नसतो. दिवसाला साडेचार लाख व्यवहार धरले तर १३,८०० कोटी युनिटांतून व्यवहारामागे ८४० युनिट निघतात. पण उद्या एकही व्यवहार झाला नाही तरी वीज जवळपास तेवढीच जाणार आहे. व्यवहार वाढले म्हणून ती वाढत नाही आणि कमी केले म्हणून घटत नाही.

यातून निघणारी गोष्ट मात्र अनेकांना आवडत नाही. धरमपेठेत बसून कोणी मोबाइलवर पाच हजारांचं बिटकॉइन घेतलं, तर त्याच्या फोनला काही जास्त वीज लागत नाही. पण अशा कोट्यवधी खरेदीदारांमुळे भाव टिकतो आणि तो भाव कुठेतरी टेक्सासमध्ये यंत्रं फिरवत ठेवतो. नुसतं घेऊन ठेवणाऱ्याचाही त्या बिलात वाटा आहे, अगदी चिमूटभर का होईना.

‘काका, वरच्या खोलीत मशीन लावली तर?’

हा प्रश्न ओळखीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडून अधूनमधून येतो. ‘खोली रिकामीच पडून राहिली ना,’ असंही वर ऐकायला मिळतं. तर भाऊ, कागद घे.

एक चांगलं नवीन यंत्र साडेतीन किलोवॅट वीज खातं. दिवसाला ८४ युनिट, महिन्याला अडीच हजारांवर. २०२५ मध्ये साऱ्या जगातल्या यंत्रांची मिळून ताकद इतकी वाढली, की अशा एका यंत्राच्या वाट्याला दिवसाला सरासरी ०.००००९ बिटकॉइन येतं. ८० लाखांच्या भावाने ७२० रुपये. युनिटला दहा रुपये धरले तर वीज ८४० रुपयांची. घरगुती मीटरवर वरचा स्लॅब लागला की दर दहावर थांबत नाही, ते वेगळंच. यंत्राची किंमत अजून धरलेली नाही. शिवाय ते साडेतीन किलोवॅट सगळे शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना त्या खोलीला दीड टनी एसी लावला, तरी त्याची अर्ध्याहून जास्त क्षमता एवढ्यातच संपेल. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला तर दमट हवेने यंत्राचीच वाट लागेल. आवाज ७५ डेसिबलच्या आसपास. घरमालक आधी येईल, वीजवाले नंतर.

आयकराचंही ऐकून ठेव. क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी, विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा करता येते. यंत्रं वगैरे उभारणीचा खर्च खरेदी किंमत म्हणून धरला जाणार नाही, हे सरकारने २०२२ मध्येच संसदेत सांगितलं आहे. म्हणजे तोट्याच्या धंद्यावरही कर बसू शकतो. भारतात या यंत्रांच्या मोठ्या शेड फारशा उभ्या राहिल्या नाहीत, त्याचं कारण पर्यावरणाचं प्रेम नाही. हिशेबच जमत नाही.

राख, पाणी, भंगार

युनिट हा शब्द फार स्वच्छ आहे. कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. वरच्या खोलीतलं ते एक यंत्र पूर्णपणे अशा विजेवर चाललं, तर दिवसाला पन्नास-साठ किलो कोळसा जळेल आणि वीसेक किलो राख मागे उरेल. एका यंत्राची, एका दिवसाची. राखेचं काय होतं ते या भागाला सांगायची गरज नाही. जुलै २०२२ च्या पावसात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांतून, नाल्यांतून नदीपर्यंत पोचली. मे २०२३ मध्ये कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या तोंडी याच राखेचा विषय होता.

कोराडीचा धूर बिटकॉइनचा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. इथली वीज आपल्याच घरांना, कारखान्यांना, पंपांना जाते. बिटकॉइनची यंत्रं आज सगळ्यात जास्त अमेरिकेत आहेत. पण तिथेही कोणाची तरी कोराडी आहेच. मोंटाना राज्यात हार्डिन इथलं कोळशाचं केंद्र गिऱ्हाईक नसल्यामुळे बंद पडायच्या बेतात होतं. बिटकॉइनवाले आले आणि ते पुन्हा धडधडू लागलं. न्यूयॉर्क राज्यात सेनेका तलावाकाठचं एक जुनं केंद्र गॅसवर आणून त्यातली वीज बिटकॉइनला लावली गेली. त्यावरून एवढी बोंबाबोंब झाली की २०२२ मध्ये त्या राज्याने खनिज इंधनावर चालणाऱ्या अशा नव्या प्रकल्पांचे परवाने दोन वर्षांसाठी थांबवले.

पाण्याचा हिशेब तर लोक धरतच नाहीत. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २०२३ मधल्या अभ्यासात २०२०-२१ या काळातला बिटकॉइनचा पाण्याचा भार १.६५ घन किलोमीटर निघाला. बहुतेक पाणी वीज तयार करताना गेलेलं. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून आपल्या मापात आणतो. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीला देणारं भांडेवाडीचं केंद्र दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेचं आहे. ते जवळपास ३५ वर्षं पूर्ण क्षमतेने चाललं, तर तेवढं पाणी होईल.

भंगाराचं थोडक्यात. ही यंत्रं एकच काम करतात. जुनी झाली की त्यांवर ना हिशेब लिहिता येतो ना सिनेमा पाहता येतो. २०२१ च्या एका अभ्यासाने वर्षाला ३०,७०० टन ई-कचऱ्याचा अंदाज दिला होता. केंब्रिजवाल्यांचा नंतरचा आकडा त्याहून पुष्कळ कमी आहे, कारण बरीच जुनी यंत्रं स्वस्त विजेच्या देशांत विकली जातात. म्हणजे कचरा व्हायचा तो होतो, फक्त पत्ता बदलून.

बचावाची बाजू

बिटकॉइनवाल्यांचं म्हणणं साफ खोटं नाही. केंब्रिजच्या २०२५ च्या पाहणीत या विजेतला ५२.४ टक्के भाग जल, पवन, सौर आणि अणुऊर्जेचा निघाला, कोळसा ८.९ टक्क्यांवर उतरला होता आणि नैसर्गिक वायू ३८.२ टक्क्यांवर होता. ही उत्तरं धंद्यातल्या लोकांनीच दिलेली, हे ध्यानात ठेवून वाचायची, पण कोळशाकडून गॅसकडे सरकणं खरं आहे. भूतानसारखा देश पावसाळ्यातल्या जास्तीच्या जलविद्युतेवर सरकारी कंपनीमार्फत बिटकॉइन काढतो. ती वीज एरवी वाया जाण्याचीच शक्यता होती. तेलाच्या विहिरीवर नुसताच जाळून टाकला जाणारा वायू जनित्रात घालूनही काही ठिकाणी यंत्रं चालतात.

टेक्सासचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथे उन्हाळ्यात विजेची टंचाई झाली की बिटकॉइन कंपन्या यंत्रं बंद करतात आणि ग्रिडचा ताण हलका होतो. हा खरा उपयोग आहे. पण ऑगस्ट २०२३ मध्ये रायट नावाच्या कंपनीला यापोटी, म्हणजे वीज न वापरण्यापोटी, ३ कोटी १७ लाख डॉलरचं श्रेय मिळालं. त्या महिन्यात बिटकॉइन काढून मिळालेल्या रकमेहून ते जास्त होतं. आधी भार उभा करायचा आणि मग तो हटवायचे पैसे घ्यायचे. महावितरणने आपल्याला मे महिन्यात एसी बंद ठेवायचे असे पैसे दिले असते तर काय हवं होतं!

आणि जिथे असा करारच नाही तिथे काय होतं, ते कझाकस्तानने पाहिलं. २०२१ च्या मध्यात चीनने बिटकॉइनची यंत्रं बंद पाडली, तेव्हा ती ट्रक भरभरून तिकडे गेली. तिथली वीज बहुतांशी कोळशाची. त्याच हिवाळ्यात देशात विजेची टंचाई झाली आणि सरकारने यंत्रांची वीज तोडली. माझ्या मते ‘हरित बिटकॉइन’ म्हणणाऱ्याला एकच विचारायचं: रुग्णालयाला वीज कमी पडते तेव्हा तुमचं यंत्र बंद होतं का, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

फायदा कोणाला, आणि कोणत्या वहीवर?

आता दुसरं पारडं. बिटकॉइन आणि त्याच्यासारख्या इतर क्रिप्टो चलनांचा समाजाला काही उपयोग आहे का? आहे. फक्त तो कुठे आहे ते पाहिलं पाहिजे.

अर्जेंटिनात २०२३ मध्ये महागाईचा दर २०० टक्क्यांच्या वर गेला. पगार हातात आल्यापासून खर्च होईपर्यंत त्याची किंमत घसरत असेल आणि सरकार डॉलर घेऊ देत नसेल, तर मोबाइलवरचं डॉलरशी बांधलेलं, म्हणजे एका डॉलरच्या किमतीला धरून राहणारं, क्रिप्टो नाणं तिथल्या माणसाला खरोखर उपयोगी पडतं. युक्रेनवर २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हा जगभरातून क्रिप्टोतून देणग्या गेल्या. बँका कधी उघडतील याची वाट पाहावी लागली नाही. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्या मजुराला जागतिक सरासरीने सहा टक्क्यांच्या आसपास दलाली पडते. तिथेही ही नाणी स्वस्त पडू शकतात. बँक ज्यांना दारात उभं करत नाही, किंवा सरकार ज्यांची खाती गोठवतं, त्यांच्यासाठी कोणाच्याही परवानगीविना चालणारी वही ही चैन नाही.

पण यातली बरीचशी रोजची कामं बिटकॉइनवर होतच नाहीत. ती डॉलरशी बांधलेल्या नाण्यांवर होतात, आणि ती नाणी प्रामुख्याने इथेरियम आणि ट्रॉन या बिटकॉइनहून वेगळ्या वह्यांवर फिरतात. त्या वह्यांना यंत्रांची शर्यत लागत नाही. इथेरियमही आधी बिटकॉइनसारखंच वीज जाळायचं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी पद्धत बदलली. आता पान लिहिणाऱ्याला आपली नाणी तारण ठेवावी लागतात. खोटेपणा केला तर ती जप्त होतात. विजेचा खप एका दिवसात ९९.९ टक्क्यांहून जास्त घटला. वही मात्र चालूच राहिली.

मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. ‘गरिबांना उपयोग होतो, म्हणून वीज जाळणं रास्त आहे’ असं सांगितलं जातं, तेव्हा उपयोग एका वहीचा आणि बिल दुसऱ्या वहीचं दाखवलेलं असतं. बिटकॉइनचे कट्टर समर्थक यावर म्हणतात की तारणाच्या पद्धतीत ज्याच्याकडे नाणी जास्त त्याचाच शब्द मोठा होतो, आणि वीज जाळणं हीच बाहेरून तपासता येणारी एकमेव हमी आहे. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. डॉलरची नाणी काढणारी कंपनी कोणाचीही नाणी गोठवू शकते, हेही खरं. पण मग मान्य करावं लागेल की आठ कोराडी जळतात त्या मुख्यतः ‘डिजिटल सोनं’ सांभाळायला, अर्जेंटिनातल्या मास्तरच्या पगारासाठी नव्हे. आणि सोनंही इतवारीच्या सराफ्यात आलं की पडून राहतं; त्याला सोनं राहण्यासाठी दर दहा मिनिटांनी वीज लागत नाही.

एल साल्वाडोरने बिटकॉइनला खरंच चलन करून पाहिलं. सप्टेंबर २०२१ मध्ये कायदेशीर मान्यता दिली, सरकारी ॲप घेणाऱ्याला ३० डॉलरचं बिटकॉइन फुकट दिलं. बहुतेकांनी ते ३० डॉलर खर्च केले आणि ॲप पुन्हा उघडलं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेताना २०२५ च्या सुरुवातीला दुकानदारांवरची बिटकॉइन घेण्याची सक्ती कायद्यातून काढावी लागली.

मग नागपूरकराला काय?

सीताबर्डीवर तर्री-पोह्याच्या गाडीवर क्यूआर कोड लटकलेला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार महिन्याला २,००० कोटींवर गेले. सरासरी काढली तर सेकंदाला सात हजारांहून जास्त. बिटकॉइनची मूळ वही सेकंदाला जेमतेम सात व्यवहार पेलते. त्यावर बसवलेली लाइटनिंगसारखी जलद व्यवस्था आहे, पण पोहेवाल्याने ती का घ्यावी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. यूपीआय चालतं कारण बँका आणि रिझर्व्ह बँक यांच्यावर आपण विश्वास ठेवतो. तो आंधळा नसावा. सायबर गुन्ह्यातला पैसा नकळत खात्यात आला म्हणून छोट्या दुकानदारांची खाती गोठल्याची उदाहरणं देशभर आहेत, आणि ती सोडवताना माणूस मेटाकुटीला येतो. पण हे दुखणं कायद्याने आणि तक्रारीच्या खिडकीने सुटण्यासारखं आहे. त्यासाठी वीज केंद्र लागत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं; ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ज्या बँकेच्या कार्यालयामुळे जुने नागपूरकर संविधान चौकाला अजून आरबीआय चौक म्हणतात, तिच्याकडून आता दुसराच पर्याय आला आहे: डिजिटल रुपया. १ डिसेंबर २०२२ पासून तो सामान्यांसाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू आहे. त्याला शर्यत लागत नाही, कारण वही रिझर्व्ह बँकेचीच. अर्थात तुमचा खर्चही तिला दिसू शकतो, ही त्याची दुसरी बाजू.

राहिला गुंतवणुकीचा मोह. आंतरराष्ट्रीय तडजोड बँकेने (बीआयएस, म्हणजे देशोदेशींच्या केंद्रीय बँकांची बँक) २०१५ ते २०२२ मधल्या क्रिप्टो ॲप वापरणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या अंदाजाने सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी बिटकॉइनवर पैसे गमावले होते. कारण साधं आहे. भाव वर असताना लोक येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरला घेतलेलं वर्षभरात १६ हजारांवर आलं. ज्याने दात-ओठ आवळून धरून ठेवलं त्याचे पैसे पुढे वसूल झाले. पण मुलीच्या लग्नाचे पैसे घातलेल्याला धरून ठेवता येत नाही.

आणि महाराष्ट्राला तर याहून कडू अनुभव आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असं सांगून लोकांचे बिटकॉइन गोळा केले गेले. नाव मायनिंगचं, म्हणजे यंत्रांनी बिटकॉइन काढण्याचं, धंदा साखळीचा: नवीन माणसाच्या पैशातून जुन्याला द्यायचं. पुण्यासह ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले, आता तपास सीबीआयकडे आहे. वर दिलेला ७२० रुपयांचा हिशेब ज्याने एकदा मांडला, त्याला दरमहा १० टक्क्यांची गोष्ट कोणी विकू शकणार नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर चार गोष्टी पाहून घ्या. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो, क्रिप्टो एक्स्चेंजवरच्या, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ॲपवर ठेवलेल्या, नाण्यांना तो नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकून पडले. आणि नाणी स्वतःच्या ताब्यात ठेवायची तर त्यांची किल्ली असलेल्या गुप्त शब्दांचा कागद हरवला की दाद मागायला कोणतंच कार्यालय नाही.

विजेचं पुढे काय होईल? २०२८ च्या सुमारास बक्षीस पुन्हा निम्मं होईल, दिवसाला २२५ नाणी. भाव दुप्पट झाला नाही तर बरीच यंत्रं बंद पडतील आणि वीज घटेल. पण वीज घटली म्हणजे वहीचं कुलूपही तेवढंच हलकं झालं, हा पेच बिटकॉइनला अजून सुटलेला नाही. तोवर अमेरिकेतल्या काही कंपन्यांनी वाट बदलली आहे. कोअर सायंटिफिक या मोठ्या बिटकॉइन कंपनीने २०२४ मध्ये आपल्या शेड आणि वीजजोडण्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकांसाठी भाड्याने द्यायचे करार केले. म्हणजे बिटकॉइनचा खप कमी झाला, तरी ती वीज ग्रिडला परत मिळेलच असं नाही.